आत सारताना

अमरिलोच्या इस्पितळात मी नंबर यायची वाट बघत होतो. समोर एक म्हातारा येरझाऱ्या घालत होता. त्याची बायको बाकावर बसून त्याच्याकडे बघत होती.

"बस ना वर्लन. फरशी झिजेल."

"सोळा वर्षं पिस्तुलाचे वर्ग घेतोय मी. आणि माझाच जावई, हा टॅनर, स्वतःच्या मांडीत गोळी घालून घेतो."

"पाय वाचेल म्हणालेत ना डॉक्टर."

"जॅकेटच्या दोरीच्या टोकाची गोटी कमरेच्या होल्स्टरमध्ये गेली, चापाशी अडकली आणि यानं वरून पिस्तूल दाबलं. किती वेळा सांगितलं, दुसऱ्या हातानं कपडा वर धर, मान खाली घालून बघ, बोट चापापासून लांब ठेव, मग हळूच आत सार. बाहेर काढायची घाई एकवेळ असेल. आत घालायची कसली घाई?"

"सांगतोस तू. पण रोज सकाळी माझ्याशी बोलता बोलता पिस्तूल कमरेला सारतोस. कधी मान खाली गेलेली बघितली नाही मी."

"माझा हात बसलाय, जोलीन."

"टॅनर तोच हात बघत आला आठ वर्षं."

"म्हणजे माझी चूक?"

"तसलंच जॅकेट नाताळात मी तुलाही घेतलंय. आत्ता अंगात आहे तेच. ती बघ दोरी."

"बघितली."

"दारावर बंदीची पाटी आहे म्हणून पिस्तूल गाडीत ठेवलंस ना?"

"हो. कमरेचं काढलं आणि सीटखालच्या होल्स्टरमध्ये सारलं."

"बघून?"

म्हातारा पहिल्यांदाच खाली बसला.