तीनशे बारा भेकरं

…किती म्हनलास? पुन्यांदा सांग. तीनशे बारा भेकरं, ह्या आमच्या कासार आंबोलीच्या डोंगरावर? आरं बाबा, हरणातलं सगळ्यात लाजरं जनावर ते — एवढी असती तर त्यांना वाट द्यायला मलाच उंबऱ्यात थांबावं लागलं असतं. हसू नगंस. टेक घोंगडीवर, च्या घे — गुळाचा हाय, दाढीला चिकटंल. काढलंस कसं हे? लेंड्या मोजून. व्हय, ते पौषात बघितलं की मी. सुतळीचे चौकोन ताणलेस, कोपऱ्याला चुना लावलेल्या खुंट्या मारल्यास, आन पुण्याचा एवढा शिकलेला गडी लेंड्यांपुढं गुडघ्यावर बसला — शेजारची सगुणाबाई मला म्हनली, गोजरे, ह्याला बघाया कुनी आई-बाप न्हाई का गं?

आन लेंड्यांतनं भेकरं कशी निघाली? एक भेकरू दिसाकाठी किती डाव लेंड्या टाकतंय, ते तुमच्या पुस्तकात. चौकोनातल्या ढिगांवरनं सगळ्या डोंगराचे ढीग, ढिगांवरनं भेकरं. म्हंजी शितावरनं भाताची परीक्षा — कळतंय मला, शाळंत गेले न्हाई, पन चुलीपुढं जन्म गेला. पन एखाद्याला हगवण लागली तर? कागदावर एकाची चार झाली का न्हाई?

बरं, ऱ्हाऊदे. काल तो जंगलाचा गार्ड आला व्हता छाती फुगवून — म्हातारे, भेकरं लई झालीत, सायबानं मोजलीत, त्यांना चारा पायजेल, पाडव्यापास्नं डोंगर शेळ्यांना बंद. अकरा शेळ्या हायेत माझ्या. बहात्तरच्या दुष्काळात गावं पांगली, ह्या शेळ्यांच्या आज्यांनी मला पांगू दिलं न्हाई. मालक गेल्यापास्नं दुसरं हाय काय मला? आन डोंगर सोडून चारू कुटं — तुझ्या दाढीवर?

म्हनून बोलावलं तुला. आता ऐक, आन रागावू नगंस. ते शीत दुसऱ्याच हंड्यातलं हाय. मीच टाकलं. आरं, तीन दिस तू उन्हात फिरलास, शेळ्या तवा पल्याडच्या अंगाला — चौकोन रिकामा, वहीत रेघ, फुडला चौकोन रिकामा, पुन्हा रेघ — तोंड एवढंसं झालं तुझं. गावात आलेला मानूस रिकाम्या हातानं चाललाय, मला बघवंना. म्हनलं, ह्याला लेंड्याच पायजेत ना? आपल्या गोठ्यात काय कमी हायेत! दोन पाट्या नेल्या डोक्यावरनं, चौकोना-चौकोनात मूठ मूठ ठिवली, भेकरू टाकतंय तशी, नीट ढीग करून. दुसऱ्या दिशी काय खूश झालास तू! मला वाटलं, पुन्य लागलं. आन तू इचारलंस बी — आजी, हितं शेळ्या येत्यात का? मी म्हनले न्हाई. शेजारी गार्डाची खाकी उभी, तिच्यापुढं शेळ्यांचं नाव कोन काढंल? पन तुला शेळीची लेंडी वळखू येत न्हाई, ह्ये मला कुटं ठावं? एवढी बुकं वाचून?

खरी किती? चार. एक लंगडं, दोन माद्या करवंदीच्या जाळीत, आन एक म्हातारा नर, कुत्र्यागत भुंकतोय नुसता. शिमग्याआधी पाच व्हती. पाचवं? गेलं आसंल. बिबट्यानं नेलं. न्हाई न्हाई, गावची शिकार कवाच बंद झाली — औंदाच तेवढी, पोरांनी हौस म्हनून… मागल्या फऱ्यातला, मांडीचा वाटा आला व्हता, शिजता शिजंना — आरं तो डफ कशाला बघतोस? शेळीचं कातडं हाय ते! ठिव ती पेन्सिल. ठिव खाली.

तू येवढंच लिव — चार. तीनशे बारा खोड. मान का हलवतोस? चारच असली तर… तर काय? बोल की. आँ? मग तर लवकरच बंद? उरलेली जपाया?

वा रं गणित! लई हायेत म्हनून बंद, कमी हायेत म्हनून बंद. मग किती भेकरं असली म्हंजी शेळीनं चरायचं, ते सांग. आकडा सांग, तेवढ्याच लेंड्या आनून टाकते मी.

वही का मिटलीस?

ऊठ मग. घोंगडी सोड. पाडव्याला चार दिस हायेत, शेळ्या वरडाया लागल्या, आन डोंगर अजून उघडा हाय.