दामूभाऊंच्या इंजिनाचं पोट

आमच्या शेजारच्या दामूभाऊंचं पंपाचं इंजिन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काळा धूर ओकून बंद पडलं, ते ऐका. त्याच पाण्यावर त्यांचा पानमळा; केळव्याची पानवेल ती, चार दिवस पाणी नसलं की करपलीच.

बोईसरच्या मिस्त्रीने पेचकस इंजिनाला टेकवून कान लावला. दामूभाऊंनी हँडल फिरवलं.

“पिस्टन गेलाय,” मिस्त्री म्हणाला.

मीही कान लावला. म्हटलं, “गेलाच हाय.”

अख्खं इंजिन खोललं. पिस्टन ठणठणीत. शेवटी हवेच्या नळीतून कुंकू लावलेली सुपारी निघाली.

दामूभाऊ माझ्याकडे वळले. “काकू, दसऱ्याला इंजिनाची पूजा तुमी केलेली ना?”

“केली. सुपारीचा गणपती वाऱ्याने घरंगळू नये म्हणून त्या नळीच्या तोंडात बसवला.”

“मग काढला का नाय?”

“इंजिन तुमचं. विसर्जन मी करायचं?”