मेव्हण्याचं मत

—नाही हो बाई, पाइपबिइप काही फुटलेला नाही, ही खालनं चढलेली ओल आहे, तुम्ही तेवढ्या मागे सरा, ढलपी डोळ्यात उडायची. असं बघा — हा छिन्नीचा एक घाव घातला की वीतभर गिलावा सुटून येतोय. नव्या घराचा, आठ महिन्यांत. ब्रिस्टलहून आलात ना तुम्ही? मग तुम्हाला कोण सांगणार. घर विकताना कुणी सांगितलं का, की या फरशीखाली नऊ फूट तळघर आहे म्हणून? आहे म्हणजे, होतं. इथं कोळशाच्या खाणवाल्यांचा हॉल होता. तो पाडला आणि त्याच्याच विटा, त्याचंच लाकूड, त्याच्याच खुर्च्यांचे पाय, सगळं त्याच्याच तळघरात लोटलं, वर काँक्रीट ओतलं आणि झाली बारा घरं. आता ते लाकूड खाली कुजतंय, पाणी धरतंय आणि तुमच्या भिंतीतनं वर येतंय. मी गिलावा करून देईन, चांगला करून देईन, पण खोटं कशाला बोलू — दोन वर्षांनी परत याल माझ्याकडं. प्रॉसर. एमलिन प्रॉसर. कुणालाही विचारा. म्हणजे नका विचारू, लोक भलतंच सांगतील.

हॉल कसला होता म्हणता? आमच्या पणजोबांनी बांधला. आठवड्याच्या पगारातनं कापून घेऊन, खाणीतनं वर आल्यावर, स्वतःच्या हातांनी. वर वाचनालय, मधे नाटकाचं स्टेज, या खोऱ्यातली सगळी लग्नं तिथं, मयतानंतरचा चहा तिथं, आणि खाली तळघरात आमची बॉक्सिंगची तालीम. तीस वर्षं मी तिथला वस्ताद. या गावात रागाला दुसरी जागाच नव्हती हो. खाण बंद झाली, मग कारखाना बंद झाला, माणसं घरात बसून एकमेकांची डोकी फोडायला लागली, बायकांचे डोळे काळेनिळे. मी म्हणायचो, खाली ये, पोत्याला मार. मला मार पायजे तर. केरी म्हणून एक पोरगी होती, बापाच्या डोक्यात तिनं तवा घातला होता, तिला मी उभी केली, सगळ्या वेल्समध्ये तिच्यासमोर कोणी टिकत नव्हतं. माणसाला मारायचं कसं ते शिकवलं की कधी मारायचं नाही तेही शिकवता येतं — असं मी सगळ्यांना सांगायचो. छान वाटतं ना ऐकायला.

कौन्सिलनं विकला. दुसरं कोण विकणार? हॉल सांभाळायला झेपेना म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी कधीकाळी सही करून कौन्सिलच्या हवाली केला, आणि त्यांनी बिल्डरला दिला. त्यात अध्यक्ष कोण, तर आमचा मेव्हणा. ट्रेफर. माझ्या बायकोचा, नेस्टाचा, पाठचा भाऊ. परका असता तर गोष्ट निराळी होती. हा आमच्यातला, खाणीत माझ्या खांद्याला खांदा लावून काम केलेला. चौऱ्याऐंशीच्या संपात पोलिसांनी घोडे घातले आमच्या अंगावर, मी खाली पडलो होतो, वरनं दंडुका येत होता माझ्या कवटीवर, हा मधे आला, कानामागे एवढी खोक पडली त्याला, रक्त माझ्या तोंडात आलं त्याचं. एकवीस वर्षांचा होता. उठून हसला आणि म्हणाला, "एमलिन, आता नेस्टाला सांग की तुझ्यापेक्षा माझं डोकं टणक आहे." तर असा माणूस. त्याला कौन्सिलवर निवडून कुणी दिला? आम्हीच. प्रचार कुठनं केला? त्याच तळघरातनं.

मीटिंग मंगळवारी सकाळी दहाला होती. आम्ही चार हजार सह्या नेल्या होत्या, या खोऱ्यात चार हजार माणसं तरी राहतात का असा प्रश्न पडावा एवढ्या. तो कारकून म्हणाला, "नोंद घेतली," आणि गठ्ठा खुर्चीखाली ठेवला. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. बॉक्सिंगची फेरीही तीन मिनिटांचीच असते, मला वाटलं जमेल. पण बाई, तिथं मी, संपात हॉलमध्ये जेवण रांधायचो, एवढं सांगण्यापाशीच पोचलो होतो, नेस्टा बटाटे सोलायची, सहाशे माणसांचे — तेवढ्यात लाल दिवा लागला आणि एक बाई म्हणाली, "थँक यू, मिस्टर प्रॉसर." वाक्य तोंडातच. मग हात वर झाले. विकायच्या बाजूनं सहा, विरुद्ध सहा. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत निर्णायक. आम्ही सगळे गॅलरीत उभे राहिलो, केरीनं माझा दंड धरला, म्हणाली, "वस्ताद, जिंकलो." मलाही तसंच वाटलं. आदल्या रविवारीच तो आमच्याकडं जेवायला होता, मी विचारलं, "ट्रेफर, हॉलचं काय?" तर म्हणाला, "माझ्यावर सोड." आणि त्यानं विकायच्या बाजूनं हात वर केला. आमच्याकडं एकदा बघितलं पण नाही. पेला उचलून पाणी प्यायला आणि म्हणाला, पुढचा विषय.

मग त्याच दिवशी दुपारी तो हॉलवर आला, आणि पडला. पायऱ्यांवरनं. तळघराच्या बारा पायऱ्या होत्या, दगडी, झिजलेल्या, मी कितीदा कौन्सिलला लिहिलं होतं की कुणीतरी मरेल इथं. घसरला. डोकं आपटलं, मेंदूत रक्त गेलं. वाचला, पण बोलणं गेलं, उजवी बाजू गेली.

हां, द्या ती बादली जवळ. — सावरलं का नाही त्याला म्हणता? मी कसा सावरणार, बाई, मी तर रिंगमध्ये होतो. तो रिंगमध्ये आल्यावर — म्हणजे.

तुम्ही अशा बघू नका माझ्याकडं. दरवाजा उघडाच आहे तुमच्यामागे. माझ्या हातात छिन्नी आहे ती भिंतीसाठी आहे. हे बघा, खाली ठेवली.

तो आपल्या पायांनी आला होता. एवढं खरं. अडीच वाजता, गळ्यात टाय, छातीवर कौन्सिलचा बिल्ला तसाच. नऊजण होतो आम्ही खाली. पायऱ्या नीट उतरला, कठड्याला धरून. म्हणाला, "मला बोलायचंय." मी म्हणालो, इथं कुणी बोलत नाही, ग्लव्ह्ज घाल. त्यानं कोट काढला, घडी करून बाकावर ठेवला, घातले ग्लव्ह्ज. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं. मी एकसष्टचा, पण मी रोज हात चालवणारा. केरीला म्हणालो, दार लाव. वारा येत होता म्हणून — नाही. वारा नव्हता. आतनं कडी लाव म्हणालो मी तिला, आणि ती लावताना माझ्याकडं बघत राहिली, तरी लावली. वस्ताद सांगतोय म्हणून.

पहिली फेरी त्यानं हात वर धरून काढली. एकही ठोसा मारला नाही. "एमलिन, ऐक तरी," एवढंच दोनतीनदा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, मी म्हणालो, आणि कोपऱ्यात दाबला त्याला. मी सगळ्यांना शिकवायचो, समोरचा मारत नसेल तर थांबा, रेफरीकडं बघा. रेफरी मीच होतो ना तिथला. दुसऱ्या फेरीत बरगडी मोडली त्याची. आवाज कळतो हो, हाताला कळतो आधी. कोणीतरी म्हणालं, "बास." आणि मला — हे मी कधी कुणाला बोललो नाही — मला बरं वाटलं. अंगात ऊब आली. चाळीस वर्षांत जेवढं काही गेलं, खाण गेली, मित्र गेले, ती थँक यू म्हणणारी बाई, त्या कारकुनाची खुर्ची, सगळं त्या एका माणसाच्या अंगात येऊन उभं राहिलंय, आणि मी ते मारतोय. तिसऱ्या फेरीची घंटा कुणी दिलीच नाही. मी दातांनी दोरी सोडून माझे ग्लव्ह्ज काढले. त्याला वाटलं संपलं. त्यानं हात खाली केले, श्वास गोळा केला, तोंडात रक्त होतं, आणि म्हणाला, "एमलिन, तुझ्या आईचं—"

आता तुम्हीच सांगा. रिंगमध्ये उभं राहून समोरचा "तुझ्या आईचं" म्हणाला, तर पुढचं ऐकायला कोण थांबतो? मी ग्लव्ह्जशिवायच्या मुठीनं मारला. इथं, जबड्याखाली, सगळं वजन घालून. तो पडताना हातसुद्धा पुढं आले नाहीत त्याचे, डोकं सरळ रिंगच्या खांबाच्या लोखंडी पायावर. दोरीवर टांगलेला टॉवेल तेवढा हलत होता.

नेस्टाला कुणीतरी फोन केला. आमचं घर समोरच्याच गल्लीत. ती ॲप्रन लावूनच आली, भावाचं डोकं मांडीवर घेतलं, माझ्या हाताकडं बघितलं — कातडं निघालं होतं बोटांवरचं — आणि तोवर ॲम्ब्युलन्सवाले दारात. त्यांनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तर ती म्हणाली, "पायऱ्यांवरनं पडला." तिनं म्हटलं. मग नऊजणांनी तेच म्हटलं. पोलीस आले, त्यांनाही तेच. केरीनं सही केली त्या जबाबाखाली, आणि दुसऱ्या दिवशीपासून तिनं बॉक्सिंग सोडलं, आता कुठं तरी कार्डिफला दुकानात असते म्हणे. पायऱ्या झिजलेल्या होत्याच, सगळ्यांना पटलं. हॉल पाडायला कौन्सिलला आणखी एक कारण मिळालं — धोकादायक.

बरोबर अकरा दिवसांनी पत्र आलं. माझ्या नावानं, आईचा मुलगा म्हणून. माझी आई, ओल्वेन, कौन्सिलच्या वृद्धाश्रमात आहे, वर त्या टेकडीवर, तुमच्या खिडकीतनं धुराडं दिसतं त्याचं. आता एक्याण्णव वर्षांची आहे. पत्रात लिहिलं होतं, कळवण्यास आनंद वाटतो की आश्रम बंद करण्याचा प्रस्ताव मागे घेतलाय, हॉलच्या जागेच्या विक्रीमुळे तो पुढंही चालवणं शक्य झालंय. प्रस्ताव? कुठला प्रस्ताव? मी ते पत्र घेऊन गेलो कौन्सिलमध्ये, एका बाईनं दार लावून सांगितलं — बंद खोलीत ठरलं होतं म्हणे, दोन्हीतलं एकच ठेवायचं. एक तर हॉल, नाहीतर म्हातारे. बावीस म्हातारी माणसं, त्यांना पन्नास पन्नास मैलांवर पांगवणार होते. मत पडेपर्यंत बाहेर बोलायची सभासदांना बंदी. अशी म्हातारी हलवली की वर्षाच्या आत निम्मी जातात, हे ट्रेफर त्या खोलीत बोलला होता. तिनं मला कागदावर दाखवलं. आईचं नाव घेऊन बोलला होता.

तेच सांगायला आला होता हो तो. तुझ्या आईचं घर वाचलं, एवढंच. एवढंच वाक्य होतं.

हॉल पाडला त्या दिवशी गावानं मशीनवर दगड मारले. ड्रायव्हरची काच फुटली, गाल चिरला बिचाऱ्याचा, तोही असाच कुणाचा तरी मुलगा. माझ्याकडं लोक बघत होते, वस्ताद पुढं होईल म्हणून. मी खिशात हात घालून उभा. मशीननं दर्शनी भिंत ओढली, तिच्यावर खाणीतल्या स्फोटात मेलेल्यांची नावं कोरली होती, त्यात ट्रेफरच्या आजोबांचं होतं, आणि ती भिंत अख्खीच्या अख्खी तोंडावर पडली. मला एकदम बघवेना.

हो, जिवंत आहे. कुठं असणार — तिथंच, वरती. बायको नाही, मूल नाही, हॉस्पिटलनं सोडल्यावर त्याच आश्रमात ठेवला. आईच्या खोलीपासून तिसरं दार. नेस्टा रोज दुपारी जाते, आधी माझ्या आईला भरवते, मग त्याला. घरी येते, माझं ताट वाढते, माझे कपडे धुते. तीन वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. भांडली असती, कपाळात काही घातलं असतं तर मी खाली मान घालून घेतलं असतं. मी दर रविवारी जातो आईकडं, आणि त्याच्या दारापाशी आलं की पाय उचलतो.

गेल्या रविवारी नाही उचलला. म्हटलं, आज बोलायचं. आई झोपली होती. त्याचं दार उघडं, तो खिडकीशी खुर्चीत, नेस्टा चमच्यानं खीर भरवत होती. मी आत गेलो, समोर उभा राहिलो, म्हणालो, "ट्रेफर, मी आहे. मला पत्र आलं होतं." त्यानं मान वळवली. बाई, त्याची उजवी बाजू मेलीय, डॉक्टर म्हणतात समजत नाही त्याला काही. त्यानं डावा हात वर केला. आणि डाव्या हातानं तो मेलेला उजवा हात मनगटाला धरून वर ओढला, दोन्ही तोंडापुढं घेतले, असे, हनुवटी आत, कोपरं जवळ, आणि तसाच बसून राहिला. खीर ओघळत होती हातांवरनं. मी म्हणालो, "नाही रे, नाही रे, मी मारत नाही." तो हात खाली घेईना. मी दोन पावलं मागे झालो, तरी घेईना.

नेस्टानं चमचा ठेवला. त्याचे हात पुसले. माझ्याकडं न बघता म्हणाली, "एमलिन, तू जा इथनं."

तीन वर्षांत पहिल्यांदा बोलली. एवढंच बोलली.

कशाला रडता तुम्ही? तुमचा काय संबंध. मी ओलीबद्दल सांगत होतो, तुम्ही विचारलं म्हणून भलतीकडं गेलो. पायऱ्यांवरनं पडला तो. सगळ्यांनी सही केलीय त्याच्याखाली. नको, चहा नको मला, तुम्ही बाहेर बसा जरा, इथं धूळ होतेय. जा म्हणतो ना. आणि ते दार ओढून घ्या.