भाऊ येतोय

नाही, मला एक सांगा, माणूस एकटा हॉटेलात गेला तर त्यात त्याचा गुन्हा काय? अजून नीट टेकलेलो नसतो, तोवर वेटर खांद्यावर फडकं टाकून हजर… 'आणखी कोणी येणार आहे का?' अरे बाबा, पाणी विचार, जेवायला काय आणू ते विचार, माझ्या खानदानाची चौकशी कशाला? पण त्याचा डोळा असतो समोरच्या खुर्चीवर. पलीकडच्या टेबलाला एक कमी पडलेली असते आणि माझ्यासमोरची मोकळी, ती त्याला सलते. मी म्हणतो, 'येणार आहे. भाऊ येतोय.'

भाऊ यायचा नाही, हे मला माहीत आहे. मीच खांदा दिलाय. पण ते वेटरला कशाला सांगू?

तुम्हाला सांगतो, ही हॉटेलं शोधायची कल्पना माझी नव्हेच, दादाची. आम्ही दोघं फरशी बसवणारे. कितीतरी हॉटेलांच्या फरश्या बसवल्या, पण जेवलो कायम मागच्या पायरीवर, मांडीवर डबा घेऊन. दादा म्हणायचा, 'छोट्या, पुढच्या वर्षी आपण गिऱ्हाईक म्हणून जायचं. एकेक हॉटेल बघायचं, आवडेल ते आपलं.' असं म्हणाला आणि साधा ताप म्हणून दवाखान्यात गेला, तो गेलाच. शब्द देऊन असं कोणी जातं का? दगा, तुम्हाला सांगतो, शुद्ध दगा.

मग मी एकटाच निघालो. पहिलं हॉटेल काचेच्या दाराचं. दादाचा नियम होता, फरशी सरळ तर जेवण सरळ. मी आधी टेबलाखाली वाकून किल्लीनं फरशी वाजवली, लोक बघतायत तर बघू देत… एकही पोकळ, बद्द वाजली नाही, खाली सिमेंटचा माल भरपूर. म्हटलं, हेच आपलं. काय ते सूप, काय तो भाजलेला मासा, मी तर जीवच लावला. आणि एक दिवस हात धुऊन येतो तर खुर्ची गायब. वेटर म्हणतो, 'तुमचे भाऊ येतच नाहीत ना, साहेब.' ताट तसंच टाकून उठलो. दगा.

दुसरं सापडलं जिन्याखालचं. तिथे खुर्च्याच नाहीत, बाकडी. म्हटलं, बाकडं कोण उचलून नेतोय? नेलं नाही हो, पण 'आणखी कोणी येणार आहे का' एवढंसुद्धा न विचारता रोज समोर एक नवा माणूस आणून बसवला. एक तर दादाच्या जागेवर बसून सासूची गाऱ्हाणी सांगायचा. दादाचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

तिसरं एका काकूंचं. फरशी अशी की दादा रडला असता, जिथे वाजवावी तिथे बद्द. पण भाजी… आणि काकूंनी कधी काही विचारलं नाही. दोन ताटं म्हटलं की दोन यायची, दोन्ही मीच संपवायचो, आणि घरी आईला सांगायचो, कामावर जेवलो, भूक नाही.

परवा जातो तर माझ्या टेबलाशी, दादाच्या खुर्चीत, आई. काकूंची नि तिची बाजारात ओळख निघाली म्हणे. जिच्यावर विश्वास टाकला, तिनंच घरी खबर पोचवली. म्हटलं, 'आई, ऊठ. ती दादाची जागा आहे.'

'माहीत आहे, म्हणूनच बसले,' आई म्हणाली. 'घरी तुझ्यासमोर बसायला मिळतंय कुठे? एक देवानं नेला, एक हॉटेलवाल्यांनी.'

तेवढ्यात काकूंनी ठेवलेला नवा वेटर आला, खांद्यावर तेच फडकं… 'आणखी कोणी येणार आहे का?' मी तोंड उघडलं, पण त्याआधीच आई म्हणाली, 'नाही रे बाळा. आम्ही दोघंच.'

वर्षभर माझ्या तोंडून जे निघालं नाही, ते तिनं सांगून टाकलं आणि पेला पुढे केला, पाणी दे म्हणून.

आता रोज येते. काकूंना मीठ जास्त झालं म्हणून सांगते, मला हात धुतलेस का विचारते. एवढी पायपीट करून एक हॉटेल सापडलं होतं, तुम्हाला सांगतो, त्याचंही घर झालं… आता तिथे पानात टाकायचीसुद्धा सोय राहिली नाही.