नाम्बेवेचं निळं कापड

गास्पार : हसू नका, धनी! तापल्या वाळूवरून पळत आलोय, तळपायाला फोड आलेत. त्या दाढीवाल्या पोर्तुगीजाची बोट खालच्या वळणावर गाळात रुतलीय. खलाशी दोर बांधून ओढताहेत. सुटली की थेट तुमच्या दारात!

चिम्वाला : मग येऊ दे की. मागच्या वर्षी आला होता, तेव्हा मी त्याला शेळी दिली होती. माणूस वाईट नाही. घाम फार येतो त्याला, एवढंच.

गास्पार : या वेळी तो शेळी खायला येत नाहीये. झेंडा बघायला येतोय. मागच्या वर्षी तुम्हाला दिला होता तो. अर्धा निळा, अर्धा पांढरा, मधे मुकुट. काठीवर कुठे दिसत नाही तो?

चिम्वाला : आत ठेवलाय. अक्काकडे. एवढं चांगलं कापड कोणी उन्हात टांगतं का?

गास्पार : टांगतात, धनी! त्यासाठीच देतात! आता नीट ऐका. मी त्या बोटीवरचा दुभाषा. ‘कोंबड्या घेऊन येतो’ असं सांगून निसटलोय, कारण माझी बायको या गावची आहे आणि माझी दोन पोरं इथं झोपतात. त्यानं काल माझ्यादेखत हुकूम दिला. काठीवर झेंडा दिसला तर सलामीची तोफ, बिनगोळ्याची. नाही दिसला तर गोळ्याची.

चिम्वाला : ...गोळ्याची?

गास्पार : गोळ्याची.

चिम्वाला : अक्का! अगं ए अक्का! बाहेर ये लवकर!

नाम्बेवे : आले, आले. केवढ्यानं ओरडतोस. नदीतली पाणघोड्यांची पिल्लं दचकली असतील. कोण हा? गास्पार? बायकोला भेटलास का आधी?

गास्पार : वेळ नाही, आत्याबाई.

नाम्बेवे : वेळ नसायला तू काय गोरा आहेस?

चिम्वाला : अक्का, तो झेंडा आण. दाढीवाल्यानं दिलेला. आत्ता!

नाम्बेवे : कोणता भाग आणू?

चिम्वाला : भाग म्हणजे?

नाम्बेवे : तीन भाग केलेत मी त्याचे.

गास्पार : सांतो आंतोनियो, वाचव!

नाम्बेवे : त्या संताला मधे आणू नकोस. माझं ऐक. निळा भाग पावसाच्या ठाण्यावर वाहिला. दोन पावसाळे कोरडे गेले, ज्वारी कमरेपर्यंतसुद्धा आली नाही. ठाण्यावर काळं नाहीतर गडद निळं कापड वाहायचं असतं, ढगाच्या रंगाचं. गावात वाहायला तसं धड कापड तेवढंच होतं. म्हाताऱ्या पुजाऱ्यानं हात लावून बघितलं आणि म्हणाला, असं कापड त्याच्या आजाच्या वेळेनंतर कोणी वाहिलं नव्हतं.

चिम्वाला : मला विचारायचं तरी!

नाम्बेवे : तू तेव्हा मासे मारायला गेला होतास. आणि तुला का विचारू? गादी तुझ्यानंतर माझ्या पोराकडे जाणार. बाईच्या पोटातून चालत आलेलं गाव आहे हे. त्यात तू मधला पाहुणा.

गास्पार : आणि पांढरा भाग?

नाम्बेवे : दारू गाळायला. ज्वारीची दारू त्यातून इतकी स्वच्छ उतरते, तुला काय सांगू!

गास्पार : आणि मुकुट? राजाचा मुकुट, आत्याबाई? ढाल, किल्ले, सगळं चित्र होतं त्याच्यावर.

नाम्बेवे : ते लाल होतं. पावसाची वाट बघत असताना उघड्यावर लाल कापड फडकवायचं नाही, वीज चिडते. मी ते कापून काढलं. जाड होतं चांगलं. चुलीवरचं मडकं उतरवायला घेते. चटका बसत नाही.

चिम्वाला : गेलो आपण. पोरंबाळं घ्या, गवतात चला.

गास्पार : थांबा, धनी. ठाण्यावरचा निळा तुकडा परत आणता येईल का? तासाभरासाठी?

नाम्बेवे : दिलेलं परत आणायचं? पावसाकडून? तुझ्या देवाला दिलेली मेणबत्ती विझवून घरी आणतोस का तू?

गास्पार : नाही, पण माझ्या देवळासमोर तोफ उभी नसते.

चिम्वाला : अरे, पण मला एक कळत नाही. दाढीवाल्याला आमच्या काठीवर त्याचंच फडकं का हवंय? आमच्याकडे आहे काय? चार मगरी, थोडी ज्वारी आणि ही बाई.

गास्पार : मी त्याच्या खोलीत नकाशा बघितलाय. भिंतीभर कागद. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत सगळा एकच रंग दिलाय. गुलाबी. तान्ह्या पोराच्या तळपायासारखा.

नाम्बेवे : त्या समुद्रापर्यंत? समुद्र तर एकच आहे.

गास्पार : सूर्य बुडतो तिकडे आणखी एक आहे, आत्याबाई. मधे जेवढी जमीन आहे तेवढी त्यांच्या राजाची, असं त्यांचं म्हणणं. का? तर त्यांचे खापरपणजे इथं चारशे वर्षांपूर्वी येऊन गेले.

नाम्बेवे : चारशे वर्षं! मी तर त्याला मागच्या वर्षीच पहिल्यांदा बघितला.

गास्पार : हेच बोलले ना इंग्रजही! तिकडे थंड मुलखात सगळे गोरे एका मोठ्या टेबलाभोवती बसले आणि ठरवलं, की नुसतं ‘आमच्या पणज्यानं पाहिली होती’ म्हणून जमीन मिळणार नाही. तिथं आपला झेंडा दिसला पाहिजे, आपला माणूस दिसला पाहिजे. तेव्हापासून दाढीवाला झोपलेला नाही. प्रत्येक गावात झेंडा वाटत सुटलाय, जसं लग्नात कुणी पानं वाटतं.

चिम्वाला : आणि इंग्रजांना काय हवंय?

गास्पार : त्यांनाही रेघ ओढायचीय. फक्त दाढीवाल्याची रेघ आडवी, समुद्रापासून समुद्रापर्यंत. इंग्रजांची उभी, खालच्या टोकापासून वर वाळवंटापर्यंत.

चिम्वाला : आणि आपण?

गास्पार : दोन रेघा जिथं एकमेकींना कापतात ना, बरोबर तिथं. मी नकाशावर आपलं गाव शोधलं. त्या जागी माशी बसली होती.

नाम्बेवे : हाकललीस का तिला?

गास्पार : हाकलली. खाली काहीच नव्हतं. नुसता गुलाबी.

चिम्वाला : अक्का! मग आपण दुसरा झेंडा लावू या! इंग्रजाचा! तो केटलीवाला चार दिवसांपूर्वी देऊन गेला ना? सकाळ-संध्याकाळ चहा उकळत बसायचा तो! म्हणाला होता, हा लावा, मग तुम्हाला कोणी हात लावणार नाही!

गास्पार : धनी, दाढीवाल्याच्या तोफेसमोर इंग्रजाचा झेंडा? त्यापेक्षा स्वतःच्या छपराला आपणच आग लावा, त्याचा गोळा तरी वाचेल.

नाम्बेवे : आणि त्यात लाल पट्टे आहेत. मी तो कणगीत ज्वारीखाली पुरून ठेवलाय. पाऊस येईपर्यंत तो वर निघणार नाही. केटलीवाला आला काय, त्याची आई आली काय.

चिम्वाला : मग करू तरी काय? तो बघ धूर दिसतोय! झाडांच्या वर, तो! गाळातून निघाली वाटतं बोट!

गास्पार : निघाली. आता जास्त वेळ नाही. ऐका, पांढरं कापड आहे, मुकुट आहे. काळवंडलेला असेना. पाणी कमी आहे, बोट काठाला लागणार नाही, तो मधूनच दुर्बिणीतून बघेल. मला फक्त निळा हवाय. हाताएवढा तरी. निळं काहीही! गावात कोणाच्याच अंगावर निळं नाही का?

चिम्वाला : अंगावर कापडच किती जणांच्या आहे? सालीची वल्कलं नेसतोय आम्ही दोन वर्षं.

गास्पार : आत्याबाई... तुमच्याकडे एक होतं. माझ्या लग्नात दाखवलं होतं तुम्ही बायकांना. निळं, जाड. दीवच्या वाण्याकडचं.

नाम्बेवे : ते नाही.

चिम्वाला : अक्का—

नाम्बेवे : ते माझं आहे, चिम्वाला. मेल्यावर गुंडाळायचं. आपल्या बापानं हस्तिदंत देऊन माझ्यासाठी घेतलं होतं. समुद्रापलीकडून आलेलं, त्या वाण्याच्या मुलखातल्या नीळ पिकवणाऱ्यांनी रंगवलेलं. अजून घडी मोडलेली नाही. आई सालीत गेली. मी ठरवलं होतं, मी सालीत जाणार नाही. पलीकडे ती मला दुरून ओळखेल, म्हणून निळ्यात जाणार.

गास्पार : आत्याबाई, कापायचं नाही. शपथ घेऊन सांगतो. नुसतं पांढऱ्याला जोडून शिवायचं. बोट गेली की टाके उसवायचे.

नाम्बेवे : सुईचं भोक पडतं.

चिम्वाला : भोकं पडतात, अक्का. पण गोळ्यानं पडतात ती मोठी असतात. ही सगळी पोरं बघ. ते बघ तुझे नातू, नदीत उड्या मारताहेत, त्यांना वाटतंय बोट म्हणजे जत्रा.

नाम्बेवे : ...बघतेय.

चिम्वाला : मी पाया पडतो तुझ्या. धाकटा असलो तरी गावाचा नायक आहे मी. नायक कधी पाया पडतो का कुणाच्या?

नाम्बेवे : ऊठ. धुळीत लोळू नकोस, बोटीवरून दिसशील. माझ्या खाटेखाली मडकं आहे, तोंडाला मेण लावलेलं. ते आण. आणि हात धू आधी. माशांचा वास येतो तुझ्या हातांना.

गास्पार : सुई माझ्याकडे आहे! शीड शिवायची आहे, पण चालेल!

नाम्बेवे : दे इकडे. तुझ्या हातात सुई म्हणजे मगरीच्या हातात वीणकाम. पांढरं आण ते, चुलीपाशी टांगलंय. पिळून आण.

चिम्वाला : दारूचा वास येतोय याला, अक्का. आणि पांढरं कसलं, पिवळं झालंय.

गास्पार : वास दुर्बिणीतून जात नाही, धनी. आणि उन्हात पिवळं पांढरंच दिसतं.

चिम्वाला : निळं काठीच्या बाजूला की बाहेर?

गास्पार : काठीच्या बाजूला! निळं आत, पांढरं बाहेर! लवकर, आत्याबाई, धूर जवळ आलाय! बोटीच्या चाकाचा आवाज ऐकू येतोय!

नाम्बेवे : मला घाई करू नका. घाईत घातलेला टाका मेल्यावरही टोचतो. ...हं. मुकुट दे.

गास्पार : हा मुकुट? नुसती काजळी आहे याच्यावर!

नाम्बेवे : मग काय झालं? लाल झाकलं गेलं, वीज चिडणार नाही. चूल सांभाळली त्यानं वर्षभर. तुमच्या राजानं सांभाळली असती का? घे, झालं. ओढा वर.

चिम्वाला : ओढा! ए, दोर ओढा! आणखी! चढलं! अरे, पण गास्पार, मुकुट उलटा लागलाय! टोकं खाली आहेत!

गास्पार : असू दे, असू दे! वारा सुटलाय, फडफडतंय, कोणाला कळतंय! बोट वळली! सगळे काठावर या! हात हलवा! पोरांनो, ओरडा! विवा! विवा म्हणा!

चिम्वाला : विवा म्हणजे काय?

गास्पार : ‘जगू दे’!

चिम्वाला : मग जोरात म्हणा रे! विवा! आम्हाला जगू दे! विवा!

नाम्बेवे : दुर्बीण लावलीय त्यानं. इकडेच रोखलीय. किती वेळ बघतोय मेला.

चिम्वाला : बोट थांबली, गास्पार. का थांबली? तोफेपाशी माणूस गेला. तोफ इकडे वळतेय! अक्का, मागे हो!

नाम्बेवे : मी कशाला मागे होऊ? माझं कापड पुढे आहे.

(तोफेचा आवाज. काठावरची माणसं आडवी होतात. गोरखचिंचेवरचे बगळे एकदम उडतात.)

चिम्वाला : मेलो का मी?

गास्पार : उठा, धनी, उठा! बिनगोळ्याची होती! सलामी होती! टोपी काढलीय त्यानं! बघा, टोपी हलवतोय! जमलं! सांतो आंतोनियो, तुला दोन मेणबत्त्या!

चिम्वाला : वाचलो! अगं अक्का, वाचलो! ए, ढोल काढा! ती गाळलेली दारू काढा! माझ्या बहिणीच्या कापडाला राजाची तोफ सलाम करते! अख्ख्या शिरे नदीवर असं कुणाच्या बहिणीचं झालं नसेल!

नाम्बेवे : बोट थांबणार नाही ना?

गास्पार : नाही. घाई आहे त्याला, वरच्या गावांमध्ये इंग्रजाच्या आधी पोचायचंय. मला आता होडीनं ती गाठायला हवी. कोंबड्या द्या दोन, नाहीतर विचारेल.

चिम्वाला : चार घे! सहा घे! थांब, हे काय? शिट्टी कसली?

गास्पार : दाढीवाल्याची नाही ही. त्याची शिट्टी म्हशीसारखी आहे. ही शेळीसारखी... धनी, ही केटलीवाल्याची बोट. मागून येतेय. दाढीवाल्याचाच पाठलाग करतेय.

चिम्वाला : आजच? दोघं आजच? अक्का, कणगी उपस! लाल काढ! दाढीवाला वळणाआड गेला की लगेच झेंडा बदलू! गास्पार, त्याच्याकडे तोफ आहे का?

गास्पार : तोफ नाही. वही आहे. तो सगळं लिहून घेतो. कोणाच्या काठीवर काय होतं ते. आणि मग वर्षभरानं तोफ येते.

चिम्वाला : ऐकलंस ना, अक्का? लाल काढ!

नाम्बेवे : नाही.

चिम्वाला : अगं, मग हाच ठेवायचा? इंग्रज बघेल, आपण त्याच्या शत्रूचे आहोत म्हणून लिहील!

नाम्बेवे : हाही नको. गास्पार, पाऊस आला की गोरे लोक झेंड्याचं काय करतात?

गास्पार : उतरवतात, आत्याबाई. भिजू देत नाहीत. घडी घालून पेटीत ठेवतात.

नाम्बेवे : दोघंही?

गास्पार : दोघंही.

नाम्बेवे : मग डोंगराकडे बघा जरा. तोफेकडे बघून झालं असेल तर.

चिम्वाला : ...अगं आई. केवढा काळा ढग आलाय. कधी आला हा?

नाम्बेवे : तू विवा ओरडत होतास तेव्हा. उतरव माझं कापड. न धुतलेली नीळ कच्ची असते, भिजली तर उतरेल. सावकाश, टाके मी उसवेन. दाढीवाल्यानं विचारलं तर सांग, पाऊस होता. केटलीवाल्यानं विचारलं तर सांग, पाऊस होता.

चिम्वाला : खरंच आहे की ते! पडला! माझ्या हातावर थेंब पडला, अक्का! हा बघ! आणि काठी? काठी मोकळीच ठेवायची? काठीवर काय लावू?

नाम्बेवे : घडी नीट घाल आधी. काठीवर पाऊस पडू दे.