धवलारणीचा मीटर

पोरीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं आणि मी काय करत होतो, तर पनवेलच्या घरात बसून रेकॉर्डिंगसाठी जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर जोडत होतो. आवाज फार चढला की आवरून धरणारा. त्याला काट्याऐवजी नवा, दिव्यांचा मीटर बसवला. जाम खूश होतो मी!

पहिलं रेकॉर्डिंग जासईच्या अनसूयाबाईंचं. आगरी लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी ती धवलारीण; त्यांच्या गावात त्या एकट्याच उरल्यात. पण लाल दिवा लागला की बाई गप्प.

"अहो, गा ना!"

"तांबडा पेटलाय. काय बिघाड झाला तं?"

"काही होत नाही. आवाज किती आवरला, तेवढंच सांगतो तो."

तरी तिसऱ्यांदा थांबल्या. मी वैतागून मीटरवर रुमाल टाकला.

"मंग मला कलणार कसं, बरोबर गाते का नाय?"

"लग्नात कसं कळतं?"

"नवरीच्या आईचे डोले बगते."

मी बायकोला हाक मारून समोर बसवलं. बाई अशा सुटल्या की पूर्ण धवला एका दमात! बायको पदराने डोळे पुसतेय.

मी मीटर बघायला रुमाल उचलायला गेलो, तर बाई म्हणाल्या, "राव दे तो. माजा मीटर समोर बसलाय. पुढचा धवला घे."