बोराएवढं लोणी

मुलांच्या दवाखान्यात एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर तान्हं बाळ होतं. बाईंनी वर्तमानपत्र उघडलं, पण कान मात्र शेजारीच राहिले.

"आई, माझं दूध पातळच आहे. तुम्ही आणलेली दुधाची पावडर सुरू करू का, डॉक्टरांना विचारू?"

"थांब गं. सकाळी फ्रीजमधली तुझ्या दुधाची बाटली काढली. वर साय, खाली पाणी. म्हटलं, एकजीव करावं. बसले हलवत."

"किती वेळ?"

"मालिका संपेपर्यंत."

"अहो आई!"

"ओरडू नकोस. उघडून बघते तर लोणी!"

"माझ्या दुधाचं?"

"बोराएवढं, पण लोणीच. आणि मी मेली महिनाभर त्याला पाणी म्हणतेय!"

"मग पावडरचा डबा?"

"दुकानात परत देऊन आले."

"आणि लोणी?"

"तुझ्या नवऱ्यानं पावाला लावलं. म्हणाला, रोज हेच आणत जा."